कॉलेज, लोकल, सबमिशन: यात स्वतःसाठी वेळ कधी काढलात?

मंद्रसप्तक
नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर डोंबिवलीला, कॉलेज अंधेरीला. म्हणजे घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रो, पुढे शेअर रिक्षा. सकाळी साडेसहाला घर सोडते, परत यायला सात वाजतात. प्रॅक्टिकल लांबलं तर साडेसात-आठ. मग जेवण, असाइनमेंट, जर्नल, झोप.

दहावीपर्यंत गाणं शिकत होते. गांधर्व मंडळाची 'मध्यमा पूर्ण' ही परीक्षा झाली. अकरावीला क्लास आणि सीईटीमुळे थांबलं ते थांबलंच. वाचायचेही भरपूर. हल्ली पीडीएफ सोडून काही वाचल्याचं आठवत नाही.

घरीदारी जो तो म्हणतो, "हेच दिवस आहेत, काय करायचं ते करून घे." करून घे म्हणतात, कधी ते कोणी सांगत नाही. यूट्यूबवरचे "पहाटे चारला उठा"वाले सल्लेही ऐकून झाले. त्या माणसाला घाटकोपरच्या जिन्यावर कधी अडकावं लागलेलं नाही हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं.

तर विचारायचं हे, की कॉलेजात असताना अभ्यासाबाहेरचं काही टिकवलंत का? कसं टिकवलंत? आणि त्यासाठी काय सोडलंत तेही लिहा. ते सहसा कोणी लिहीत नाही.

चौथी_सीट
रुमाल टाकून ठेवतेय, संध्याकाळी सविस्तर लिहिते. साडेसहाला डोंबिवली म्हणजे आधी सहानुभूती घे.

जर्नल_अपूर्ण
एमबीबीएसला आहे. इंटर्नशिप संपली की हा धागा वाचेन.

पार्लेकर_काकू
चांगला विषय. पण स्पष्ट बोलू का? वेळ नसतो हे मला पटत नाही. माझा मुलगाही इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या फोनमध्ये दिवसाला किती तास स्क्रीन बघितली त्याचा आकडा येतो, तो एकदा त्यालाच मोठ्याने वाचायला लावला. त्यानंतर दोन दिवस घरात शांतता होती.

आमच्या कॉलेजच्या काळात आम्ही संध्याकाळी लोकमान्य सेवा संघाच्या टिळक मंदिरात व्याख्यानांना जायचो, ग्रंथालय तिथेच. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाला २०२३ मध्ये शंभर वर्षं झाली, आणि तिथे बसून जे ऐकलं ते मला आजही पुरतंय. नाटकाला जायचो, पेटी शिकायचो. घरकामही करायचो. तुम्हा मुलांना गुण खूप आहेत, फक्त तो फोन बाजूला ठेवा.

केटीसम्राट
काकू, तुमचं कॉलेज कुठे होतं?

पार्लेकर_काकू
पार्ल्यातच. का?

केटीसम्राट
घरून चालत किती वेळ लागायचा?

पार्लेकर_काकू
दहा मिनिटं. तुम्हाला काय म्हणायचंय ते आलं लक्षात. :)

चौथी_सीट
आता सविस्तर लिहिते. मी कल्याणहून चर्नी रोडला कॉलेज केलं. लोकलमध्ये वाचन करा असं सांगणाऱ्यांचा एक वर्ग असतो. त्यांना नमस्कार. सकाळच्या फास्टला लेडीज डब्यात हात वर गेला तर वर राहतो, खाली असला तर दादरपर्यंत खालीच. पुस्तक उघडायला दोन कोपर लागतात, आणि आमच्या वाट्याला एकच यायचं. मुलं रील बघतात कारण अंगठा तेवढा मोकळा असतो. काकू, राग नको.

पण परतीच्या गाडीचा हिशोब वेगळा. सीएसएमटीहून सुटणारी स्लो पकडली की बसायला मिळायचं, वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागायची. मैत्रिणी फास्टने पुढे जायच्या. मी स्लोने गेले आणि डिग्री संपेपर्यंत लायब्ररीतल्या कादंबऱ्यांचं एक कपाट संपवलं. काय सोडलं? मैत्रिणींसोबतच्या गप्पा, ठाण्यानंतर वाटून खायच्या भेळेसकट. ग्रुपमध्ये मी थोडी बाहेरची झाले. त्याचं वाईट वाटायचं, तेही लिहिते कारण तू विचारलंयस.

तुझ्या रूटवर घाटकोपरला मधेच चढायचं असल्याने हा उपाय लागू नाही, हे मला कळतंय.

बोरकूट
अवांतर: तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर बसून पुस्तक वाचता येतं का हो? तुमचा आयडी बघून विचारतोय.

चौथी_सीट
चौथ्या सीटवर बसता येत नाही, टेकता येतं. वाचणं दूरच.

तिरका_कोन
उपनगरातल्या एका कॉलेजात गणित शिकवतो, त्यामुळे समोरच्या बाजूने लिहितो.

मुलं "रोज अर्धा तास" ठरवतात आणि चौथ्या दिवशी सोडतात. त्यात त्यांची चूक कमी आणि ठरवण्याची जास्त असते, कारण सेमिस्टरमधले सगळे आठवडे सारखे नसतात. शिकवण्याचे आठवडे साधारण पंधरा. पहिल्या चार-पाच आठवड्यांत काहीही घडत नाही. प्राध्यापक अभ्यासक्रम सांगतात, प्रॅक्टिकलच्या बॅचेस ठरतात, अर्धा वर्ग अजून प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये असतो. मग मधली चाचणी. नंतर थोडी उसंत. शेवटचे तीन आठवडे सबमिशन, ओरल आणि धावपळ, त्या काळात कोणी गाणं म्हणायला जाऊ नये, जमणार नाही. परीक्षा संपली की पुढची टर्म सुरू होईपर्यंत मोठा मोकळा पट्टा.

माझ्या पाहण्यातली मुलं सुरुवातीचे आठवडे "अजून काही सुरूच झालं नाही" म्हणून कट्ट्यावर काढतात, आणि शेवटच्या आठवड्यांत "आता काहीच वेळ नाही" म्हणतात. दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यामुळे आठवड्याचं वेळापत्रक आखू नकोस, सेमिस्टरचं आख. जुलै-ऑगस्टमध्ये भरपूर, ऑक्टोबरात थोडं, नोव्हेंबरात शून्य. शून्याच्या महिन्यात मनाला लावून घ्यायचं नाही, एवढंच जमवायला लागतं.

आणखी एक. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या आराखड्यात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), एनसीसी, खेळ, सांस्कृतिक उपक्रम यांना क्रेडिट मिळतं. तुमच्या कॉलेजात गाण्याला ती सोय आहे का, विचारून बघ. आठवड्याचे दोन तास वेळापत्रकातच मिळाले तर कुणाकडून मागून घ्यायला नकोत.

मी_अनुस्वार
सर, तुमचं सेमिस्टरचं गणित पटलं. क्रेडिटचं अजिबात नाही. आता आवडीचीही हजेरी लागणार. माझी बहीण बीकॉमला आहे, तिच्या वर्गात "फोटोग्राफी"साठी मुलांनी जिओटॅग केलेले फोटो अपलोड केले, तेही एकमेकांचे. प्रमाणपत्र आलं की काम संपलं. छंद प्रमाणपत्राला बांधला की तो छंद राहत नाही, अजून एक विषय होतो. आणि विषयात नापास झालं की केटी लागते.

केटीसम्राट
माझं नाव कोणी घेतलं?

दहिसरनदी
@मी_अनुस्वार, थोडी असहमत. मी एनएसएसला गेले ते केवळ गुणांसाठी. १९६९ पासून चालू असलेली योजना, वर्षाला १२० तास, दोन वर्षं, मधे सात दिवसांचं निवासी शिबिर. सुरुवातीला प्रत्येक तास वहीत लिहून सही घेण्यापुरताच रस होता. शिबिर पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर होतं. तिथे बंधारा बांधायला दगड वाहिले, रात्री तिथल्या बायकांकडून तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक कसा काढतात ते शिकले. त्या चौकाला कोणी सही दिली नाही. पण १२० तासांची सक्ती नसती तर मी दहिसरच्या पुढे गेलेच नसते.

म्हणजे दाराशी सक्ती असली तरी चालते. आत गेल्यावर कोण भेटतं त्यावर पुढचं.

मी_अनुस्वार
हे मान्य. तुमच्या प्रोग्राम ऑफिसरला माझा नमस्कार सांगा, बहिणीच्या कॉलेजात बदली करून मिळेल का बघा.

केटीसम्राट
बोलावलंच आहे तर लिहितो. मी पाच वर्षं एकांकिका केल्या. (डिग्री तीन वर्षांची होती, हे जाणकारांच्या लक्षात आलं असेलच.) पावसाळ्यात युनिव्हर्सिटीचा युवा महोत्सव, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एकामागून एक, आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे २५ जानेवारीची रात्र. चतुरंग प्रतिष्ठानच्या 'सवाई' स्पर्धेत रात्रभर एकांकिका चालतात, प्रजासत्ताक दिन उजाडताना निकाल लागतो. मी एकदाच तिथे स्टेजमागे होतो. लाईटचा ऑपरेटर. प्रेक्षकांना मी दिसलो नाही, पण अंधार मी केला होता.

तालमी कॉलेज सुटल्यावर, वॉचमन हाकलेपर्यंत. कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये आमचा ग्रुप पहिल्या पानावर असायचा. वेळ "काढला" वगैरे काही नाही. सतरा जण वाट बघत असतात म्हणून जावं लागायचं. एकट्याने करायची गोष्ट असती तर मी घरी झोपलो असतो. मंद्रसप्तक, माझा अनुभव एवढाच सांगतो की माणसं जमव. वेळ ती माणसंच ओढून काढतात.

सोडलं काय? दोन विषय. :D

पार्लेकर_काकू
केटीचं कौतुक नको हं. वाचणारी मुलं लहान आहेत.

केटीसम्राट
कौतुक नाही काकू, जाहीर निवेदन आहे. आज मी लाईट डिझाईनवरच पोट भरतो. पण ते सतरातल्या दोघांनाच जमलं. बाकीचे पंधरा बँकेत, आयटीत आणि एक दुबईत आहे. नाटकाने त्यांचं नुकसान झालं असं त्यांना विचारलं तर म्हणत नाहीत. त्यांच्या आयांना मात्र विचारू नका.

रात्रपाळी
सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो. इथे सगळ्यांनी धरून चाललंय की कॉलेज आणि प्रवास गेला की उरलेला वेळ आपला.

माझं बीए सकाळच्या कॉलेजात झालं. पहाटे तीनला दादर स्टेशनबाहेर पेपरच्या पुरवण्या भरायचं काम. पेपर छापखान्यातून येतात तेव्हा मुख्य अंक वेगळा, पुरवणी वेगळी, जाहिरातीची पत्रकं वेगळी. फुटपाथवर बसून ती एकात एक घालायची, गठ्ठे बांधायचे, लाईनवाल्या पोरांना द्यायचे. साडेसहाला हात धुऊन कॉलेज. दुपारी एका दुकानात हिशेब. घर वरळीला, चाळीत एक खोली, माणसं सहा. अभ्यास पोदार हॉस्पिटलमागच्या अभ्यास गल्लीत, म्युनिसिपालटीच्या दिव्याखाली. तिथे रात्री पुस्तक घेऊन फेऱ्या मारणारी पोरं कायम असतात, आणि कुणी कुणाला विचारत नाही की घरी का नाही बसत.

"स्वतःला समृद्ध करणं" हा विचार मनाला शिवायला पण आधी झोप पूर्ण व्हावी लागते. कॉलेजात आमच्यासारख्यांना "उपक्रमांत सहभाग नाही" असा शेरा मिळायचा. सहभाग नव्हता हे खरंच होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, मंद्रसप्तक. टिकवलं काय, तर वाचन. पुरवण्या भरताना सगळ्या पेपरांचे अग्रलेख फुकट मिळायचे. मराठी सगळे, आणि इंग्रजी एखादा अडखळत. एकाच घटनेवर चार संपादक चार गोष्टी लिहितात हे मला अठराव्या वर्षी कळलं. काही सोडावं लागलं नाही, सोडायला काही नव्हतंच.

तिरका_कोन
रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद माझ्या वर्गात वाचून दाखवला तर चालेल का? नाव न सांगता.

१९४६ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले होते, नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. वेळापत्रक कोणासाठी आखलंय यावर कोण शिकणार ते ठरतं. आमच्याकडचे सगळे उपक्रम दुपारी तीननंतर असतात. तीननंतर कामाला जाणारी मुलं मी दर वर्षी बघतो, आणि ती "उत्साही नाहीत" असं स्टाफरूममध्ये बोललं जातं. पुढच्या मीटिंगला हा मुद्दा काढणार आहे.

रात्रपाळी
जरूर वाचा सर.

आर्टिकल_चालू_आहे
सीए करतेय. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) तीनऐवजी दोन वर्षांची झाली म्हणून नातेवाईक अभिनंदन करतात. दोन वर्षांत तेवढंच काम बसवलंय एवढंच. सप्टेंबरात टॅक्स ऑडिट, रात्री नऊ. वाचतेय सगळं, लिहायला ऑक्टोबरात येते.

काळाघोडेस्वार
पैशांचा मुद्दा कोणी काढला नाही. मराठी नाटकाचं पुढचं तिकीट विद्यार्थ्याला परवडत नाही. पण मुंबईत फुकटात खूप मिळतं आणि त्याची माहिती कॉलेजच्या नोटीस बोर्डावर नसते.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, प्रदर्शनं सतत बदलतात, आणि बरेचदा चित्रकार स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी कोणी बोलत नाही म्हणून तो कंटाळलेला असतो. जाऊन "हे कसं केलंत" एवढं विचारा. मी वाणिज्य शाखेचा, चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदच मोकळा सोडतात, हे मला एका वृद्ध चित्रकाराने तिथे सांगितलं.

तुझ्या कॉलेजजवळचं सांगायचं तर टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेची मंडळी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी "चाय अँड व्हाय?" घेतात. शास्त्रज्ञ येऊन सोप्या भाषेत बोलतात, लहान मुलं त्यांना वाटेल ते प्रश्न विचारतात, आणि हजेरी नसते.

बोरकूट
रविवारी डोंबिवलीहून जुहू? मेगाब्लॉक असतो हो साहेब.

काळाघोडेस्वार
मी ग्रँट रोडला राहतो. मेगाब्लॉक ही संकल्पना ऐकून आहे. ;)

तलावपाळी
हा धागा बघता बघता दक्षिण मुंबईच्या सहलीवर निघाला. धागाकर्तीचा रस्ता डोंबिवली-घाटकोपर आहे, त्यावर काय आहे ते बघा. ठाणे आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं, स्टेशनपासून चालत जाता येतं. परतताना उतर, पुस्तक बदल, पुढची गाडी पकड. ठाण्याला उतरणं सोपं आहे. पुन्हा चढणं अवघड आहे, ते मी लपवत नाही. सहाच्या आत उतरलीस तर जमतं.

चौथी_सीट
ठाण्याला पुन्हा चढणं हाच खरा व्यक्तिमत्त्व विकास.

झांजपथक_नव्हे
गाण्याचं म्हणून लिहितो. आमच्या गाडीत भजनी मंडळ आहे. ठरलेला डबा, ठरलेले दरवाजे, पिशवीत टाळ. पत्रकारपासून फिटरपर्यंत सगळे. मी कॉलेजात असताना नाइलाजाने त्या डब्यात चढायचो, कारण बाकी डब्यांत जागा नसायची. अभंगाची चाल कशी उचलायची, ध्रुपद पुन्हा कुठे घ्यायचं, सम कुठे पडते, हे मला कोणी शिकवलं नाही, रोज कानावर पडून आलं. आता मी पिशवी वाहणाऱ्यांत आहे.

हेडफोन
आणि ज्यांना रात्रपाळी करून झोपायचं असतं त्यांनी काय करायचं? टाळ कानाशी वाजतात. भक्ती ठीक, पण डबा सार्वजनिक आहे.

झांजपथक_नव्हे
तक्रार रास्त आहे. म्हणून आमच्याकडे नियम आहे, कोणी सांगितलं तर टाळ बंद, नुसतं गाणं. तरी सगळ्यांना पटत नाही हे माहीत आहे.

हेडफोन
नुसतं गाणंसुद्धा बेसूर असतं. (दिवे घ्या, गंमत आहे.)

चौथी_सीट
लेडीज डब्यात टाळ नसतात, पण दसऱ्याला डबा सजतो, डोहाळजेवणं होतात, मटार सोलले जातात. माझ्या शेजारची एक बाई रोज मुंब्र्याच्या पुढे हळू आवाजात स्तोत्र म्हणायची, मला ऐकून पाठ झालं. अर्थ अजून माहीत नाही.

गंधार_कोमल
मी ठाण्यात गाणं शिकवते. इतका वेळ गप्प होते कारण मूळ प्रश्न सगळ्यांचा होता. पण मुलीने गाण्याचं लिहिलंय, तेव्हा तेवढ्यापुरतं.

मध्यमा पूर्णनंतर माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त मुली थांबतात. कारण फार साधं आहे. मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला होतात, आणि तुमच्या सेमिस्टरच्या परीक्षाही साधारण त्याच सुमाराला. मुलगी विचार करते की पुढची विशारदची परीक्षा देता येणार नाही, मग क्लासला कशाला जायचं. आई म्हणते, फी कशाला भरायची. आणि गाणं बंद पडतं. परीक्षा बाजूला ठेव. विशारद पंचविसाव्या वर्षीही होतं, चाळिशीतही झालेलं मी पाहिलं आहे.

दुसरं, तू आता परत सुरू करशील तेव्हा आवाज पूर्वीसारखा लागणार नाही. तार षड्जाला जाऊन बघशील, फाटेल, आणि वाटेल की गेलं सगळं. सगळ्याजणी हेच करतात. वर जाऊ नकोस. सकाळी पंधरा मिनिटं फक्त खर्ज, सा लावून खाली. तानपुऱ्याचं ॲप चालेल. शेजाऱ्यांचा त्रासही होत नाही, खर्ज भिंतीपलीकडे ओरडल्यासारखा जात नाही. साडेसहाला निघतेस म्हणजे सकाळ शक्य नसेल, तर ज्या दिवशी उशिरा कॉलेज असेल त्या दिवशीच कर. आठवड्यातून दोनदा झालं तरी आवाज विसरत नाही.

आणि ऐक. एकच राग धर, महिनाभर तोच, वेगवेगळ्या गायकांचा. मेट्रोत उभ्याने ऐकता येतो, त्याला कोपर लागत नाही. माझी एक विद्यार्थिनी तीन वर्षं काहीच न गाता नुसती ऐकत होती. परत आली तेव्हा तिच्या ताना बिघडल्या होत्या आणि आलाप सुधारला होता.

मी_अनुस्वार
"आवाज विसरत नाही." हे वाचून बरं वाटलं, मी सतार सोडलेला आहे. बोटं विसरतात का हो?

गंधार_कोमल
बोटं विसरतात. पण घट्टे पडायला वेळ लागतो एवढंच, हात आठवतो.

दहिसरनदी
एक मुद्दा राहिला. घरी सातला पोचलेल्या मुलीला "दमली असेल, पडू दे" म्हणणारी घरं किती आहेत? माझा भाऊ आला की त्याला चहा मिळायचा, मी आले की चहा टाकायला लागायचा. ज्या दिवशी मी रात्रीच्या चपात्या करणार नाही असं सांगितलं, त्या दिवशी मला चाळीस मिनिटं मिळाली. सोडलं काय म्हणून विचारलंयस ना? चपात्या. आठवडाभर अबोला होता, मग बाबा कोपऱ्यावरून पोळीभाजी केंद्रातून आणायला लागले.

पार्लेकर_काकू
दहिसरनदी, शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे चहा लेकच टाकतो. चांगला नसतो, पण टाकतो.

केटीसम्राट
काकू आज फॉर्मात.

मंद्रसप्तक
बापरे, इतके प्रतिसाद. दोन दिवस इंटर्नल होत्या म्हणून यायला उशीर झाला.

सगळ्यांचं वाचलं. रात्रपाळी दादा, तुमचं वाचून आधी वाटलं की धागाच काढायला नको होता. मग वाटलं, तुम्हीही उत्तर दिलंच आहे, तेव्हा असू दे.

तिरका_कोन सर, वेळापत्रक काढून बघितलं. खरंच पहिल्या पाच आठवड्यांत चार वेळा मी कॉलेज लवकर सुटूनही कँटीनमध्येच बसले होते, गर्दी कमी होण्याची वाट बघत. गर्दी काही कमी झाली नव्हती. क्रेडिटचं विचारलं, आमच्याकडे गाण्याला नाही, "पब्लिक स्पीकिंग"ला आहे. ते नको.

युवा महोत्सवाचं केटीसम्राट यांनी लिहिलं म्हणून कल्चरल सेक्रेटरीला गाठलं. या वर्षीची नावं गेली आहेत, पण समूहगानाच्या ग्रुपमध्ये एक मुलगी मुलुंडची आणि एक दिव्याची आहे. दिव्याची मुलगी माझ्याच गाडीला असते, आम्ही वर्षभर एकमेकींच्या पायावर उभ्या होतो आणि ओळख नव्हती. आता परतताना मेट्रोत दोघी एकच इअरफोन लावून भीमपलास ऐकतो. ती नाट्यसंगीतवाली आहे, आमचं भांडण होतं.

चपात्यांचं अजून घरी काढलेलं नाही. हिंमत गोळा करतेय.

गंधार_कोमल ताई, शनिवारी आमची बॅच दोनला सुटते. ठाण्याला साडेतीन-चारपर्यंत उतरू शकते. चालेल का? आणि परीक्षा देणार नाही असं आईला आधीच सांगावं की नंतर?

गंधार_कोमल
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. शनिवारी चारला ये. आईला आधी सांग, आणि ऐकायचं असेल तर त्यांनाही घेऊन ये. तुझी पट्टी, म्हणजे पेटीवरचा तुझा सा, काळी चार होती का?

मंद्रसप्तक
हो. आता काय आहे देव जाणे.

तलावपाळी
शनिवारी चारला ठाण्यात असशील तर ग्रंथ संग्रहालयही होईल. सभासदत्वाला फोटो आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ठेव.

जर्नल_अपूर्ण
वॉर्डात रात्रीची ड्यूटी होती, पेशंट झोपले होते, सगळा धागा वाचला. ताई, दिव्याच्या मुलीशी नाट्यसंगीतावरून काय भांडण झालं ते लिहा.

मंद्रसप्तक
ती म्हणते ताना जास्त झाल्या की शब्द चिरडतात. मी म्हणते शब्दच ऐकायचे तर बातम्या लाव.

केटीसम्राट
तिला इथे आयडी काढायला सांगा.